मस्टर : दाखवायचा कागद

‘मस्टर निघालं का?’ रोजगार हमीच्या कामावर हा प्रश्न कानी आला, की समजावं पगाराची वाट बघणं चाललंय. १९७२च्या दुष्काळातल्या कामांनी हा शब्द खेडोपाडी इतका रुजवला, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

मूळ लॅटिन ‘मॉन्स्त्रारे’. अर्थ, दाखवणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि लष्कराला चिकटला. नायकानं आपली माणसं उभी करून दाखवायची, मग डोई मोजून पगार. माणूस मेला, पळाला, तरी नाव यादीत ठेवून त्याचा पगार खिशात घालणारे नायक तिथे होतेच. हे दुखणं आपल्याकडेही जुनं. अल्लाउद्दीन खिलजीनं घोड्यांना दाग द्यायला आणि शिपायांचा हुलिया टिपून ठेवायला लावला तो यासाठीच. पुढे अकबरानंही तोच दाग पुन्हा सुरू केला. पण तपासणारा असायचा पैसे देणारा राजा. ज्याचं नाव यादीत आहे, त्यानं ती यादी वाचावी हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

कामावरचं मस्टर डोळ्यांसमोर आणा. लांबलचक, आडवे-उभे रकाने आखलेला कागद. नाव, तारखा, भरलेले दिवस, दर, रक्कम आणि शेवटी शाईनं माखलेला अंगठा. ज्या बाईनं तो उठवला, तिला शेजारच्या रकान्यातला आकडा वाचता येत नसे. कधी तर आकडा अंगठ्यानंतर पडे. असला कागद साहेबाच्या कपाटात गेला, की सरकारी गुपित होऊन बसायचा.

ते कपाट उघडायला लावलं राजस्थानातल्या मजुरांनी. देवडुंगरी या लहानशा गावात मातीच्या घरात राहून अरुणा रॉय, शंकर सिंह आणि निखिल डे यांनी माणसं जोडली. त्यातून १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. किमान मजुरी मागायला गेलं, की उत्तर ठरलेलं : मस्टरप्रमाणे तुमचं काम तेवढं भरलंच नाही. मग मस्टर दाखवा! दाखवणार नाही. ज्या शब्दाचा अर्थच दाखवणं, तो कागद झाकून ठेवायचा, आणि त्याच्याच जोरावर माणसाला खोटं पाडायचं. मला यातला अन्याय मजुरीच्या चोरीहून मोठा वाटतो.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई भरली. रीत अगदी साधी. मिळालेली मस्टरं चारचौघांत मोठ्यानं वाचायची आणि नाव पुकारलेल्या माणसानं माइकपाशी येऊन सांगायचं, मी गेलो होतो की नव्हतो, इतके मिळाले की नाही. वाचता न येणाऱ्यांनी केलेलं हे लेखापरीक्षण होतं. मस्टरवर काय लिहिलंय हे पहिल्यांदाच त्यांच्या कानांवर पडत होतं.

एप्रिल १९९५मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत कागदपत्रांच्या नकला देण्याचं आश्वासन दिलं. वर्ष कोरडं गेलं. ६ एप्रिल १९९६ला ब्यावरच्या चांग गेटपाशी लोक धरण्याला बसले, तेव्हा सरकारनं हुकूम काढला : कागद बघा, पण नक्कल मिळणार नाही. बघून घरी गेल्यावर हातात पुरावा काय? लोक हलले नाहीत. चाळीस दिवस बसले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच लढ्यातली.

राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली झाला. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानं २००२च्या कायद्याला बळ दिलं, आणि १२ ऑक्टोबर २००५पासून देशाचा कायदा लागू झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात, कलम १७ मध्ये, ग्रामसभेनं कामांचं सामाजिक अंकेक्षण करावं असं लिहिलं गेलं. कोट किरानाची रीत अशी कायद्यात आली.

पुढे राजसमंद जिल्ह्यातल्या विजयपुरा पंचायतीत हा हिशेब भिंतींवर रंगवला गेला. कुणाला किती दिवस काम, किती रुपये मजुरी. पाण्याला जाता-येता कुणीही थांबावं आणि ज्याला वाचता येतं त्याच्याकडून आपलं नाव वाचून घ्यावं.