वृत्तकक्षातील स्त्री आणि रूपाची अट

‘द मेरी टायलर मूर शो’ (१९७०–७७) या अमेरिकन मालिकेने वृत्तकक्षात काम करणाऱ्या अविवाहित स्त्रीला प्रतिष्ठा दिली. आपल्या जागी पूर्वी असलेल्या पुरुषाला अधिक वेतन होते, हे मेरीला १९७२च्या एका भागात कळते. वेतनातील विषमता अशी उघड झाली. रूपाची अट मात्र झाकलेलीच राहिली. वृत्तनिवेदक टेडचा रूपाभिमान तेथे विनोदाचा विषय आहे, तर मेरीचे देखणेपण गृहीतच आहे.

ही अट १९८१ मध्ये कॅन्सस सिटीत उघडी पडली. प्रेक्षक-पाहणीनंतर क्रिस्टीन क्राफ्ट यांना वृत्तनिवेदिकेच्या पदावरून हटवण्यात आले. वय, रूप आणि पुरुषांपुढे अपुरी नम्रता ही कारणे सांगितली गेली, असा त्यांचा आरोप होता. १९८४ मधील ज्यूरीचा अनुकूल कौल १९८५ मध्ये अपील न्यायालयाने फिरवला. पडद्याने घडवलेली अभिरुचीच अशा रीतीने नोकरीचा निकष ठरली.