सालोमालो ते वेबसाईट: गाणं नेमकं कुणाचं?

तीर्थपुरीसारख्या गावातल्या दुकानांचीही आता वेबसाईट असते. फोटो स्टुडिओ असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर कृषी सेवा केंद्र; पान उघडलं की मागे एखादा अभंग सुरू होतो. त्याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अभंग तुकोबांचा. त्याला कुणाची परवानगी?" मला हे उत्तर निम्मं खरं वाटतं. उरलेलं निम्मं समजायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कॉपीराइटचा कायदा नव्हता तेव्हाही चोरी होतीच. तुकोबांच्या गाथेत सालोमालो नावाच्या माणसावरचे अभंग आहेत. हा गडी तुकोबांची रचना घ्यायचा आणि नाममुद्रेच्या जागी स्वतःचं नाव घालायचा. तुकोबांचे अभंग कुणीही गावेत, त्याला हरकत नव्हती. तक्रार होती ती दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून खपवण्याबद्दल. म्हणजे आपल्याकडे जुना नियम असा होता: गा, वाटा, पण नाव पुसू नका. तीर्थपुरीच्याच घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ आहे, रामदासांचं जन्मगाव. त्यांचे मनाचे श्लोक म्हणायला आजवर कुणी कुणाला पैसे दिलेले नाहीत, आणि ते कुणाचे आहेत हे कुणी विसरलेलंही नाही.

ग्रामोफोन आला आणि चित्र बदललं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळायला हवं होतं. मला ती यंत्रयुगातली नाममुद्राच वाटते. फरक एवढाच, की आवाज आता विकायची वस्तू झाला होता. वस्तू म्हटली की मालक आला.

हा मालक बहुतेक वेळा कलाकार नसायचा. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. 1969 मध्ये गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला: वेगळा करार नसेल, तर चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माता. पुढची पस्तीस वर्षं कितीतरी गीतकार-संगीतकार एकदाच मिळालेल्या मानधनावर राहिले आणि त्यांची गाणी मात्र कमावत राहिली. 2012 मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या बदलासाठी ते सभागृहात बोलले. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं, तर रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा आता त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही.

आता पुन्हा त्या अभंगाकडे येऊ. लता मंगेशकरांनी गायलेले तुकोबांचे अभंग घ्या. शब्द तुकोबांचे, म्हणून सगळ्यांचे. चाल श्रीनिवास खळ्यांची. त्यांचं निधन 2011 साली झालं; कायद्याने संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं धरायची, म्हणजे चालीवरचा हक्क 2071 अखेरपर्यंत राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, तो प्रकाशनानंतर 60 वर्षांचा आणि सहसा कंपनीकडे. एकाच गाण्यात असे तीन थर असतात. "तीस सेकंद वाजवलं तर चालतं" असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. इन्स्टाग्रामवर पर्सनल अकाउंटला मिळणारी बरीच गाणी बिझनेस अकाउंटला मिळत नाहीत, त्यामागेही हाच हिशेब आहे.

कायदा अगदीच कोरडा नाही. धार्मिक विधी, लग्नाची वरात, लग्नातले समारंभ यांत गाणं वाजवायला तो सूट देतो. तीर्थपुरीत वरात निघाली आणि बँडवाल्याने गाणं धरलं, तर तो गुन्हा नाही. पण तेच गाणं फोटो स्टुडिओने गिऱ्हाईक मिळावं म्हणून वेबसाईटवर लावलं, तर तो व्यवसाय झाला. मला ही रेघ न्याय्य वाटते. दुकानदार भिंतीच्या रंगाचे पैसे देतो, बोर्ड रंगवणाऱ्याचे देतो. मग त्याच दुकानाचं वातावरण तयार करणाऱ्या गाण्याचेच पैसे का बुडवायचे?

गावातल्या दुकानदाराने मोठ्या कंपनीकडून परवाना कसा आणायचा, हा प्रश्न खरा आहे. मात्र त्याचं उत्तर मला मुंबईपेक्षा गावाच्या देवळात जास्त सोपं दिसतं. आपल्याकडे भजनी मंडळं आहेत, पखवाज आहे, टाळ आहेत आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या पारंपरिक चाली आहेत. शब्द संतांचे, चाल परंपरेची. मंडळाला विचारा, मोबाईलवर नीट रेकॉर्ड करा, गाणाऱ्यांच्या आणि वाजवणाऱ्यांच्या हातात मानधन ठेवा आणि वेबसाईटवर त्यांची नावं लिहा. यात तुकोबांचा जुना नियम पाळला जातो आणि 2012 चा नवाही.