वार्धक्याचा पोशिंदा

भंडारा जिल्ह्यांत तुमसरजवळ सातपुड्याच्या एका सोंडेवर आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानींत, सुमारें १७०० सालीं, राजाखान पठाण यानें तो बांधिला, असें जुनें गॅझेटियर सांगतें. पुढें किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेला व त्याचा तुरुंग झाला. तेथील विहिरीचें सडकें पाणी पाजून कैद्यांचा अंत केला जाई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, गडावरची सत्ता पायथ्याच्या माणसास कोणत्या रूपानें परिचित होती, तें तीवरून कळतें. सारा, वेठ, लढाईची चाकरी आणि शिक्षा, एवढ्याच निमित्तांनीं राज्याचा व रयतेचा संबंध येई. माणूस म्हातारा झाला, त्याच्यानें नांगर धरवेना, म्हणजे राज्याच्या हिशेबांतून तो आपोआप गळून पडे.

मराठी राज्यांत याला अपवाद मुळींच नव्हते असें नाहीं. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनीं लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस चाकरींत घेऊन चालविलें आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें, असें सभासदाच्या बखरींत नमूद आहे. मृत शिपायाच्या लेंकरांसाठीं ‘बालपरवेशी’ देण्याची रीतिही पुढें चालू राहिली. परंतु हें सांडलेल्या रक्ताचें मोल होतें. केवळ वय झालें म्हणून कोणी कोणास कांहीं देणें लागतो, हा विचार त्यांत नव्हता.

मग म्हाताऱ्यांना पोसी कोण? घर, भाऊबंद आणि गांव. भंडाऱ्याचा मुलूख भाताचा व तळ्यांचा. ज्याचें धानाचें शेत बापाच्या नांवावर, त्याच्या घरीं बापाची आबाळ सहसा होत नसे. थकलेल्या हातांनाही काम असे. खळ्याची राखण करावी, दोर वळावे, नातवंडें सांभाळावीं, चैत्रांत पहाटे उठून मोहफुलें वेचावीं. या व्यवस्थेचे गोडवे आजवर पुष्कळांनीं गाइले आहेत. मात्र ज्या म्हाताऱ्याच्या नांवावर शेतच नव्हतें, ज्याचा मुलगाही रोजच्या मजुरीवर जगत होता, त्याची कथा त्या गोडव्यांत क्वचितच येते.

इंग्रज सरकारनें या व्यवस्थेचा फायदा ओळखला. विलायतेंत निराधारांसाठीं कायदा होता, कर होता व अनाथगृहें होतीं. हिंदुस्थानांत तसें कांहीं करावें काय, या प्रश्नावर १८८० च्या दुष्काळ कमिशनचा कौल साधारण असा पडला कीं, येथील समाज दानशूर आहे, नित्याच्या काळीं तो आपल्या दुबळ्यांना सांभाळतो. सरकारनें पुढें यावें तें दुष्काळांत, जेव्हां देणाऱ्याचाच हात रिकामा होतो तेव्हां. समाजाची अशी स्तुति सरकारी खजिन्याला किती सोयीची होती, हें सांगावयास नकोच.

तथापि या कमिशनच्या शिफारशींवरून जे दुष्काळाचे नियम तयार झाले, त्यांत एक नवी गोष्ट होती. ज्यांना काम करण्याची शक्ति आहे त्यांनीं खडी फोडावी. परंतु आंधळे, पांगळे आणि वयानें खचलेले यांना कामावांचून धर्मादाय मदत द्यावी, असें ठरलें. त्यासाठीं गांवोगांव यादी करावयाची. यादींत नांव येण्यास अट अशी कीं, देशाच्या रिवाजाप्रमाणें पोसण्यास बांधलेला व पोसण्यास समर्थ असा नातलग त्या माणसास नसावा.

ही यादी १८९६–९७ च्या आणि पुन्हां १८९९–१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत उघडली गेली. दुसऱ्या खेपेस पाऊसच गेला व धानाचें पीक बुडालें. शिजविलेल्या अन्नाचीं स्वयंपाकघरें प्रांतभर निघालीं. १९०० च्या जुलैंत प्रांतामध्यें वीस लाखांहून अधिक माणसें सरकारी मदतीवर होतीं. नुसत्या वार्धक्याच्या बळावर सरकारपाशीं अन्न मागतां येण्याचा तो प्रसंग. पण पुढचें पीक उभें राहिलें, स्वयंपाकघरें बंद झालीं आणि याद्याही मिटल्या. यादींतली म्हातारी कांहीं त्या पावसानें तरुण झाली नव्हती.

तोंच १८८९ सालीं जर्मनींत मजुरांच्या वार्धक्याच्या विम्याचा कायदा झाला होता. १९०९ च्या जानेवारीपासून विलायतेंत सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळूं लागलें. त्याच बादशहाच्या राज्यांत भंडाऱ्याच्या कचेरींतला साहेब पेन्शन घेऊन स्वदेशीं जाई. पण गांवचा भूमिहीन मजूर मरेपर्यंत मजूरच राही. विसाव्या शतकाच्या आरंभीं तुमसरच्या बाजूस चिखला, डोंगरी या ठिकाणीं मँगेनीजच्या खाणी चालूं लागल्या. तेंदूपानाच्या विड्या वळण्याचा धंदाही जिल्ह्यांत घरोघर पसरला. म्हणजे शेतावांचून म्हातारें होणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

१९५० च्या राज्यघटनेनें एकेचाळिसाव्या कलमांत वार्धक्यांतील सरकारी साहाय्याचा उल्लेख केला, परंतु ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत’. १९५७ सालीं उत्तर प्रदेशानें वृद्धांना निवृत्तिवेतन दिलें. महाराष्ट्रांत १९८० मध्यें संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. दुसऱ्या बाजूनें कायदा मुलांकडे वळला. १८९८ च्या फौजदारी संहितेंत पोटगी मागण्याचा हक्क बायकोला व मुलांना होता. आईबापांना तो १९७३ च्या संहितेनें दिला. विवाहित मुलगीही यांतून सुटत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं ठरविलें, आणि तो दावा महाराष्ट्रांतल्याच एका वडिलांचा होता. २००७ च्या कायद्यानें साठ वर्षांवरील माणसांना स्वतंत्र न्यायाधिकरण दिलें व पोटगीची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेविली. ज्याच्या मुलापाशीं कांहीं आहे, त्याला या कायद्याचा खरा आधार होतो. मुलाचेच हात रिकामे असतील तर न्यायाधिकरण तरी काय देणार?

देशव्यापी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें. रक्कम दरमहा ७५ रुपये, वय ६५. दुष्काळावांचून कायम उघडी राहिलेली ही पहिली देशव्यापी यादी. १९०० च्या यादीनंतर पंचाण्णव वर्षांनीं. तिची अट वाचतां जुन्या नियमांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं: अर्जदारास स्वतःचें अथवा कुटुंबीयांकडून मिळणारें निर्वाहाचें साधन नसावें. २००७ पासून तीऐवजीं दारिद्र्यरेषेखालील कुटुंब ही कसोटी आली. महाराष्ट्रानें आपल्या योजनेस श्रावणबाळाचें नांव दिलें, तींत ६५ वर्षांवरील माणसांस २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये ठरले. परंतु कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें, ही अट तिच्याही पाठीशीं राहिली. वर्षाचे २१,००० म्हणजे महिन्याचे १,७५०. मुलगा व सून दोघेंही रोजीनें जाऊं लागलीं कीं कुटुंबाचा आंकडा ही मर्यादा ओलांडतो. मग त्या कमाईंतला किती वांटा आईच्या ताटांत पडतो, हें विचारण्याची जागा अर्जांत नसते.