गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे कसे मिळतात? दुचाकी, ट्रॅक्टर, पिकअपवाल्यांसाठी माहिती

आठवडी बाजार, एसटी स्टँड, दवाखान्याचे आवार, नाहीतर शेताचा बांध. ग्रामीण भागात दुचाकी चोरीला जाते ती बहुतेक अशाच ठिकाणांवरून. ट्रॅक्टर घरासमोर किंवा वस्तीवर उभा असतो, तो रात्रीत नेतात. गाडी गेली की माणूस म्हणतो, "विमा आहे ना, मिळतील पैसे." पण कागद काढून बघितल्यावर विमा भलताच निघतो, किंवा असलेला विमाही एखाद्या चुकीपायी अडकतो. म्हणून गाडी दारात आहे तोवरच पुढच्या गोष्टी तपासून घेतलेल्या बऱ्या.

विमा कुठला आहे, ते आधी बघा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा २ हजार आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार रुपये दंड होतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण हा विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तरच कामाला येतो. आपली गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात वाहून गेली, तर यातून एक रुपयाही मिळत नाही.

चोरीसाठी 'पॅकेज' म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी लागते. दुचाकी आणि कारसाठी थर्ड पार्टी चालू असताना नुसता 'ओन डॅमेज' विमाही वेगळा घेता येतो. इथेच बरेच जण फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा आणि नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. शोरूममधून निघताना "पाच वर्षांचा विमा काढलाय" असे सांगतात. त्यात स्वतःच्या गाडीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो वाढवला नाही, तर गाडी चोरीच्या बाबतीत उघडीच राहते. पॉलिसीवर 'ओडी' आणि 'टीपी' अशा दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचाव्यात.

पैसे किती मिळतात?

गाडी घेतली त्या किमतीएवढे मिळत नाहीत. पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून रक्कम लिहिलेली असते, तिच्या आधारे दावा मिळतो. कंपनीच्या चालू विक्री किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घट धरतात, ती अशी:

- ६ महिन्यांपर्यंत: ५ टक्के
- ६ महिने ते १ वर्ष: १५ टक्के
- १ ते २ वर्षे: २० टक्के
- २ ते ३ वर्षे: ३० टक्के
- ३ ते ४ वर्षे: ४० टक्के
- ४ ते ५ वर्षे: ५० टक्के

पाच वर्षांपुढच्या गाडीची रक्कम मालक आणि कंपनी मिळून ठरवतात. उदाहरण घ्यायचे तर किंमत ९० हजार आणि पॉलिसी घेताना दुचाकी अडीच वर्षांची, तर आयडीव्ही ६३ हजारांच्या आसपास येते. हप्ता कमी बसावा म्हणून एजंट कधी आयडीव्ही खाली आणतो. शे-दोनशे रुपये वाचतात, पण चोरीच्या वेळी हजारोंनी कमी मिळतात.

गाडीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेला किंवा फायनान्सला जातात. उरले तर मालकाला.

चोरी झाली, आता क्रमाने काय?

१. लगेच ११२ ला फोन करावा आणि पोलीस ठाणे गाठावे. दोन दिवस शोधू, मग बघू, असे करू नये.

२. एफआयआरच नोंदवावा. नुसता अर्ज देऊन आवक शिक्का घेतला तर तो एफआयआर होत नाही, विमा कंपनी तो चालवून घेत नाही. चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदतात. हद्दीचा वाद निघाला तर 'झिरो एफआयआर' कुठल्याही ठाण्यात देता येतो. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते.

३. विमा कंपनीला त्याच दिवशी टोल फ्री नंबरवर कळवून दावा क्रमांक घ्यावा. सोबत लेखी किंवा ईमेल पाठवावा.

४. आरटीओला आणि कर्ज असेल तर बँकेलाही लेखी कळवावे.

५. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' अहवाल पाठवतात. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी वा गाडी सापडत नाही. सहसा हा कागद आल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही. याला महिने लागतात, म्हणून ठाण्यात अधूनमधून चौकशी करत राहावे लागते.

दाव्यासोबत आरसी बुक, पॉलिसी, लायसन, एफआयआर, अ समरी, आरटीओचे सही केलेले फॉर्म आणि गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. दुसरी चावी हरवली असेल तर त्याची लेखी नोंद आधीच करून ठेवावी.

दावा कशामुळे अडकतो?

चावी गाडीलाच राहिली: मालकाने काळजी घेतली नाही म्हणून कंपनी दावा नाकारते. अशा एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. पण त्यासाठी मालकाला तिथपर्यंत भांडावे लागले.

गाडी नावावर नाही: नोटरी करून गाडी घेतली आणि आरसी जुन्याच मालकाच्या नावावर, असे गावोगाव दिसते. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आरसीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. नाव बदलले नाही तर घेणाऱ्याचा चोरीचा दावा अडतो. आणि अपघात झाला तर भरपाईची नोटीस आरसीवर नाव असलेल्या जुन्या मालकाला जाते. म्हणजे विकणाराही सुटत नाही.

वापर वेगळा: शेतीकामाचा म्हणून विमा असलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू-मुरूम वाहत असेल किंवा ट्रॉलीत वऱ्हाड बसवले असेल, तर अटीचा भंग ठरू शकतो. ट्रॉलीची नोंदणी आणि विमाही वेगळा बघावा लागतो. ट्रॅक्टरच्या विम्यात ती आपोआप येते असे धरून चालू नये.

नुसती बॅटरी किंवा सामान गेले: दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर्ण गाडी चोरीला गेली नसेल तर जोडसामानाचे पैसे मिळत नाहीत. ट्रॅक्टरची बॅटरी, टायर यांचे काय, ते पॉलिसी घेतानाच विचारून लेखी घ्यावे.

कळवायला उशीर: याबाबत जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेतकऱ्यांच्या कामाचा आहे. एकाचा ट्रॅक्टर चोरीला गेला, त्याने एफआयआर त्याच दिवशी दिला, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळवले. एफआयआर लगेच झाला असेल आणि चोरी खरी असेल, तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, असे तीन न्यायमूर्तींनी ठरवले.

दावा नाकारला तर?

नाकारल्याचे कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे ही कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचे उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. 'आयआरडीएआय'चा १५५२५५ हा मोफत नंबर आणि 'बिमा भरोसा' पोर्टलही आहे. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता खुला असतो.

कमी खर्चातली राखण

- दुचाकीला हँडल लॉकच्या जोडीला डिस्क लॉक किंवा जाड साखळी. हँडल लॉक हिसक्यात तुटतो.
- ट्रॅक्टरला लपवलेला बॅटरी कट-ऑफ स्विच. जुन्या ट्रॅक्टरची चावी दुसऱ्याला लागते, हे चोरालाही ठाऊक असते.
- सिमकार्डवर चालणारा जीपीएस. त्याचे रिचार्ज संपू देऊ नये. एआरएआयची मान्यता असलेले चोरीविरोधी यंत्र बसवले तर हप्त्यात थोडी सूट मागता येते.
- एचएसआरपी नंबरप्लेट. तिचे लॉक एकदा काढले की पुन्हा बसत नाही, त्यामुळे प्लेट बदलून गाडी फिरवणे अवघड जाते.
- इंजिन आणि चासी नंबरचा फोटो, पॉलिसी, आरसी हे घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावे. कागद डिकीत ठेवले तर गाडीबरोबर तेही जातात.

जुनी गाडी घेताना एनसीआरबीच्या 'वाहन समन्वय' सेवेवर ती चोरीची आहे का, ते पाहता येते. चासी नंबर आरसीशी जुळवूनच पैसे द्यावेत. चोरीची गाडी निघाली तर पोलीस ती जप्त करतात आणि दिलेले पैसेही अडकतात.

विमा संपायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मुदत संपून ९० दिवस उलटले तर 'नो क्लेम बोनस'ची सूट जाते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असू शकते. आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी गेली, तर मागची कितीही वर्षे हप्ते भरलेले असोत, दावा उभा राहत नाही.