बर्फातली सुट्टी आणि बर्फातली रजा



आजचा विषय वाचून काहींना हसू आले असेल. कयाधूच्या काठचा माणूस, मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा टाकून बसणारा, आणि बोलणार कशावर, तर इटलीतल्या बर्फावर! पण हा विषय आम्हाला घरातच मिळाला. आमच्या नातवाने जाहीर केले, की आजी-आजोबांसकट सगळ्यांनी इटलीला स्कीइंगसाठी जायचे. गावही त्याने ठरवून टाकले होते : कोर्तिना द'आम्पेझ्झो. १९५६ साली तिथे हिवाळी ऑलिम्पिक झाले, २०२६ मध्ये मिलानच्या जोडीने पुन्हा त्याच गावाचे नाव लागले. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यामुळे "कसे जायचे" याच्या आधी "का जायचे" हे तोंडून निघालेच. घरचे वैतागले. पण त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता आम्ही इतिहासात शिरलो, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली अडचण आली कॅलेंडरची. आपली मोठी सुट्टी उन्हाळ्यात, कारण ऊन जाळते. आल्प्समधला स्कीचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे आपली शाळा सुटते तेव्हा तिकडचा बर्फ उतरणीला लागलेला. दिवाळीत जावे तर तो पुरता पडलेलाच नसतो. उरतो नाताळ, तेव्हा हॉटेलांचे दर चढलेले. इटलीत 'सेत्तिमाना बियांका' म्हणजे 'पांढरा आठवडा' अशी रूढीच आहे. हिवाळ्यात आठवडाभर कुटुंबाने डोंगरात जायचे. बघा, सुट्टीसुद्धा हवामान ठरवते, आपण फक्त तिकिटे काढतो.

दुसरी गोष्ट उंचीची. कोर्तिना गाव समुद्रसपाटीपासून १,२२४ मीटरवर आहे. आपले चिखलदरा सुमारे १,१०० मीटर. आणि कळसूबाईचा माथा तर १,६४६ मीटर, म्हणजे कोर्तिना गावापेक्षा उंच! नातवाला पटेना, त्याने मोबाईलवर ताडून पाहिले, मग गप्प बसला. फरक पडतो तो अक्षांशाचा. चिखलदरा २१ अंशांवर, कोर्तिना ४६ अंशांवर. म्हणून इकडे धुके आणि तिकडे बर्फ.

आता मूळ मुद्दा. या डोंगरांवर 'हवा खायला' पहिल्यांदा कोण गेले? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघते : फौज. गाविलगड इंग्रजांनी डिसेंबर १८०३ मध्ये घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ साली, हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा 'शोधून काढले' असे सांगतात. मेळघाटातल्या कोरकूंसाठी तो डोंगर कधी हरवलेलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी. निजामाच्या मुलखातल्या त्या फौजेच्या छावण्यांपैकी एक आपले हिंगोली. १९०३ पर्यंत इथे पलटण होती. उन्हाने हैराण झालेल्या गोऱ्या अंमलदाराला थंड डोंगर हवा होता. आधी तोफा चढल्या, मग बंगले आले, आपण तिथे कॉफी प्यायला गेलो ते फार नंतर.

कोर्तिनाची कथाही तशीच. पहिल्या महायुद्धापर्यंत ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि आघाडी थेट डोलोमाइट पर्वतांतून गेली. जवळच्या लागाझुओई डोंगरात दोन्हीकडच्या सैनिकांनी बोगदे खोदले, एकमेकांच्या पायाखाली सुरुंग उडवले. कड्यांवर चढायला लोखंडी शिड्या आणि तारा ठोकल्या. १९१६ च्या डिसेंबरात मार्मोलाडा शिखरावर हिमकडा कोसळून शेकडो सैनिक एका दमात गाडले गेले. आज तेच बोगदे संग्रहालय आहेत. फाल्झारेगो खिंडीतून रोपवे वर जातो आणि माणसे स्की बांधून आनंदाने खाली घसरतात.

आणि मराठी माणसाचे काय? तो इटलीच्या डोंगरात हौसेने गेला त्याच्या किती आधी हुकमाने गेला! दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५० हजार भारतीय सैनिक इटलीत लढले, साडेपाच हजारांहून अधिक परतले नाहीत. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सोबती पडले, ते एकटेच चालून गेले, ठाणे जिंकले आणि तिथेच पडले. वय २२. रायगडातल्या माणगाव भागातला मुलगा. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर आणले आणि परत फिरून मशीनगनची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर. या दोन तारखांच्या मधला हिवाळा भारतीय पलटणींनी अपेनाइन पर्वतात काढला. चिखल, बर्फ, खेचरांच्या पाठीवरून येणारी शिधासामग्री. त्यांच्या पत्रांत 'रजा' हा शब्द किती वेळा आला असेल! सुट्टी आपण घेतो. रजा दुसऱ्याने द्यावी लागते.

हे सारे आम्ही जेवताना सांगितले आणि सुचवले, की स्कीचे दोन दिवस कमी करून मोन्तोने आणि फोर्ली इथे जाऊ. मोन्तोनेला २०२३ मध्ये घाडग्यांचे स्मारक उभे राहिले आहे. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचे दहन झाले त्यांची नावे कोरलेले स्मारकही. नातू म्हणाला, "आजोबा, सुट्टीत कब्रस्तान?" प्रश्न रास्त होता, आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. तेवढ्यात सौ. म्हणाल्या, "एक दिवस कमी घसरलास तर काय बिघडलं? आपल्या माणसांना भेटून येऊ." नातवाने दोन नाही, पण एक दिवस कबूल केला. म्हणून सध्या फक्त फोर्ली ठरले आहे. मोन्तोनेसाठी आमची खटपट चालू आहे.

मौज करू नये असे आमचे म्हणणे नाही. तरुणांनी बर्फात जरूर घसरावे, पडावे, हसावे. हात ज्या तारेला धरतो ती कोणी ठोकली, एवढे ठाऊक असावे.

जाता जाता एक विनंती. आपल्या भागात कोणाच्या ट्रंकेत त्या काळच्या फौजेतल्या आजोबा-पणजोबांची पत्रे, पदके, डिस्चार्जचे कागद असतील, तर रद्दीत घालू नका. पुढच्या व्याख्यानाला घेऊन या, आपण मिळून वाचू.