वांद्र्यापुढचे १०१ सेकंद

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. १९० प्रवासी, २३ कर्मचारी. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. धावपट्टी सोडल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत फक्त १०१ सेकंद गेले.

त्या सेकंदांचा साक्षीदार उरला नाही. उरली ती कॉकपिटमधल्या संभाषणाची टेप, उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचे आकडे, भारतातल्या चौकशीचा निष्कर्ष आणि अमेरिकेतले न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये दिलेलं १३९ पानांचं निकालपत्र. ही साधनं शेजारी-शेजारी ठेवून वाचली की 'वैमानिकाची चूक' एवढ्यावर फाइल मिटवता येत नाही.

कॅप्टन मदनलाल कुकर ५१ वर्षांचे, १८ हजार तासांचा अनुभव असलेले. उजवीकडे फर्स्ट ऑफिसर इंदू विरमाणी, हवाई दलातून आलेले. मागे फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया. उड्डाणानंतर नियंत्रण कक्षाशी बोलताना विमानातून नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या गेल्या आणि आठ हजार फूट सोडताना कळवतो, असंही सांगितलं गेलं. या शुभेच्छांवर बोट ठेवून लक्ष उडाल्याचा ठपका ठेवणं सोपं आहे. मला तो अन्याय वाटतो. टेपमध्ये गप्पाटप्पा नाहीत. दोन शब्द बोलून माणसं पुन्हा कामाला लागली होती. लक्ष गेलं ते वेगळ्याच कारणाने, आणि गेलं ते कामातच.

किनारा ओलांडताना ठरल्याप्रमाणे विमान किंचित उजवीकडे वळलं आणि सरळ झालं. इथवर आकडे बिनचूक आहेत. मात्र कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती आणि कोणत्या बाजूला कललंय हे दाखवणारं यंत्र, उजव्या कलावरच अडकलं. विमान सरळ, यंत्र म्हणतंय उजवीकडे. खरं-खोटं करायला बाहेर काही नव्हतं. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती आणि खाली काळा समुद्र. सावनेर सोडून छिंदवाड्याच्या रस्त्याने अंधाऱ्या रात्री गावाचे दिवे मागे पडले की शेत कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते समजत नाही, तसंच ते. फरक इतकाच की आपल्या पायाखाली रस्ता असतो.

यंत्रातला उजवा कल काढायला कॅप्टनने नियंत्रणाचं व्हील डावीकडे फिरवलं आणि सरळ असलेलं विमान खरोखरच डावीकडे कलू लागलं. आपल्या यंत्राला काय झालं, असं कुकर बोलून जातात. विरमाणी उत्तरतात की माझंही टॉपल झालंय, म्हणजे बिघडून एका बाजूला कललंय. सगळ्या टेपमधलं हेच वाक्य मला सर्वांत जड वाटतं. त्यांचं यंत्र बहुधा ठीक होतं आणि डावा कल खराच दाखवत होतं. पण सहकाऱ्याने आपल्याच शंकेला दुजोरा दिला, असं कॅप्टनला वाटलं असणार. त्यांनी डावीकडे आणखी जोर दिला. दोघांच्या मधल्या पॅनेलवर तिसरं, राखीव कृत्रिम क्षितिज होतं. पाण्यावर आदळायला पाच सेकंद उरले असताना फारिया कॅप्टनच्या यंत्राबद्दल म्हणतात की त्याच्यावर विसंबू नका. तोवर विमान १०८ अंश डावीकडे कललं होतं, म्हणजे पंख उभा होऊनही पुढे गेला होता. नाक ३५ अंश खाली करून ते समुद्रात शिरलं.

कॅप्टनने दिलेले नियंत्रणाचे इनपुट अविवेकी होते, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. विमानाच्या स्थितीचं भान पूर्ण सुटल्यामुळे ते घडलं आणि इतर यंत्रांच्या आधारे कुणी ते सावरलं नाही, असंही त्यात म्हटलंय. यातला दुसरा भाग निर्विवाद आहे. पहिल्या भागाशी मी सहमत नाही. समोरचं यंत्र उजवा कल दाखवत असताना व्हील डावीकडे फिरवणं त्या यंत्रापुरतं बरोबरच होतं. यंत्र खोटं बोलतंय याची शंका त्यांना आली होती, ते तसं बोललेही होते, तरी हात त्याच यंत्राच्या मागे गेले. अमेरिकेतल्या खटल्यात बोइंग, यंत्र बनवणारी लिअर सीगलर आणि राखीव व्यवस्थेशी संबंधित कॉलिन्स रेडिओ यांच्यावरचा निष्काळजीपणाचा दावा फिट्झगेराल्ड यांनी फेटाळला.

कामातच लक्ष अडकण्याचा प्रकार नवा नव्हता. मुंबईच्या अपघाताच्या पाच वर्षं आधी, २९ डिसेंबर १९७२ ला, मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या उड्डाण ४०१ चं सगळं पथक चाकांची स्थिती दाखवणाऱ्या एका जळालेल्या बल्बमध्ये गुंतलं होतं आणि विमान हळूहळू खाली गेल्याचं वेळेत कुणाच्या ध्यानात आलं नाही. वैमानिकांचं लक्ष उडू नये म्हणून अमेरिकेत १९८१ साली १० हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये अनावश्यक बोलणं-काम बंद करणारा नियम आला. मुंबईच्या त्या रात्री हा नियम असता तरी बहुधा काही फरक पडला नसता, कारण अनावश्यक काही चाललंच नव्हतं.

२२ डिसेंबर १९९९ ला लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू ७४७ निघालं. रात्र, कॅप्टनचं बिघडलेलं कृत्रिम क्षितिज, डावा कल. ५५ सेकंदांत विमान जमिनीवर आदळलं, विमानातले चौघेही गेले. शेजारच्या वैमानिकाचं यंत्र खरं सांगत होतं, तो गप्प राहिला. कल वाढतोय हे ओरडून सांगणारा तिथेही फ्लाइट इंजिनिअरच होता. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत फ्लाइट इंजिनिअरची ती तिसरी खुर्ची राहिलेली नाही. तिचं काम आता शेजारी बसलेल्या दुसऱ्या वैमानिकाच्या वाट्याला आलंय.