तळटीप १४ : फेरोसिमेंट

१४. फेरोसिमेंट : बारीक तारांच्या जाळीचे थर एकत्र बांधून त्यांत सिमेंट-वाळूचा मसाला दाबून भरलेले पातळ, कणखर कवच. यात खडी नसते. जाडी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर. जाळी सर्वत्र पसरलेली असल्याने तडे रुंदावत नाहीत, म्हणून होड्या व पाण्याच्या टाक्यांसाठी ते विशेष उपयोगी.

जनक झोसेफ-लुई लांबो. या फ्रेंच जमीनदाराने १८४८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील मिराव्हाल येथे अशी होडी बांधली. १८५५ मध्ये त्याने पेटंट घेतले आणि पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात होडी मांडली.

नंतर हे तंत्र मागे पडले. १९४० च्या दशकात इटालियन अभियंता पिएर लुइजी नेर्वी यांनी ते नव्या उमेदीने हाती घेतले. तूरिनच्या प्रदर्शनगृहाचे (१९४८-४९) भव्य नागमोडी छत फेरोसिमेंटचेच आहे.